संगणकाचा कारभार शिकताना : मुक्त प्रणालीची निवड आणि ड्युअल बूट

सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे संगणक-यंत्रणेचा कारभार पाहणे, हे संगणक वापरण्याहून वेगळे काम आहे. वापरणाऱ्याला पत्र लिहायचे असते, हिशेब मांडायचा असतो किंवा अभ्यास करायचा असतो. कारभार पाहणाऱ्याला मात्र ही सर्व कामे इतरांना बिनघोर करता यावीत म्हणून कोणाला कोणत्या फायलींपर्यंत पोहोचता येईल हे ठरवावे लागते, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे लागते, माहितीच्या प्रती राखाव्या लागतात आणि यंत्र बंद पडले की ते का बंद पडले याचा माग नोंदींमधून काढावा लागतो. हे कौशल्य पुस्तकातून अर्धेच हाती येते. उरलेले अर्धे येण्यासाठी एखादे यंत्र स्वतःच्या जबाबदारीवर महिनोन्‌महिने सांभाळावे लागते. असे यंत्र घरच्या घरी, अतिरिक्त खर्चाशिवाय आणि घरातल्या इतरांची गैरसोय न होता कसे उभे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाची निकड

२००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या वसई-विरारमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि त्या विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षात लिनक्स सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा विषय शिकवला गेला आहे. परंतु बहुतेक विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला परिचय एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमातून किंवा घरच्या यंत्रातून, म्हणजे विंडोजमधूनच होतो. त्यामुळे लिनक्स ही केवळ प्रयोगशाळेतील मोजक्या तासांपुरती भेटणारी आणि परीक्षेनंतर विसरली जाणारी गोष्ट ठरते. नोकरीच्या ठिकाणी चित्र उलटे असते. संकेतस्थळे, बँकांच्या सेवा आणि मोबाइलवरील अ‍ॅप ज्या सर्व्हरवर, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या यंत्रांवर चालतात, त्यांपैकी फार मोठा वाटा लिनक्सचा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालते. आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई विभागातून सुरू केलेल्या क्लाउड सेवेत भाड्याने मिळणारी यंत्रे हाताळायची तर लिनक्सची आज्ञा-भाषा येणे बहुतांशी गरजेचे ठरते. विरार लोकलने अंधेरी-गोरेगावला किंवा ठाण्यामार्गे ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या तरुणाने हे कौशल्य घरीच कमावले, तर मुलाखतीत त्याला पाठांतराऐवजी अनुभव सांगता येतो.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत ज्या दोन अर्थांसाठी एकच शब्द वापरला जातो, त्यांसाठी मराठीत सुदैवाने दोन स्वतंत्र शब्द आहेत : ज्याचे पैसे पडत नाहीत ते मोफत, आणि ज्यावर बंधन नाही ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांचा आग्रह दुसऱ्या अर्थावर होता. सॉफ्टवेअर कोणत्याही कारणासाठी चालवण्याची, त्याची मूळ संहिता वाचून ते बदलण्याची, ते इतरांना देण्याची आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याची मोकळीक असेल, तरच ते मुक्त होय. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स हा कर्नेल, म्हणजे यंत्राचे भाग आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये बसून दोघांचे व्यवहार जुळवणारा गाभा, पुढे याच तत्त्वावरील परवान्याखाली आला. कर्नेल, ग्नू प्रकल्पातील साधने आणि हजारो इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधून, तपासून, प्रतिष्ठापनेला, म्हणजे यंत्रावर बसवायला, सोयीचे करून दिलेल्या संचाला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात, आणि निवड करायची असते ती या डिस्ट्रोंमधून.

शिकणाऱ्याला या मुक्ततेचा लाभ अगदी प्रत्यक्ष मिळतो. प्रणालीतील जवळपास प्रत्येक सेवा साध्या मजकुराच्या फाइलमधून सूचना घेते आणि आपले काम वाचता येणाऱ्या नोंदींमध्ये उतरवते. त्यामुळे एखादी गोष्ट का बिघडली, याचे उत्तर यंत्रातच लिहिलेले असते आणि ते वाचण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते.

डिस्ट्रोची निवड

डिस्ट्रो निवडताना पडद्याच्या देखणेपणाकडे पाहण्याचा मोह होतो, पण कारभार शिकण्याच्या दृष्टीने तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत : त्या आवृत्तीला सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, तिच्यावर शिकलेले नोकरीच्या ठिकाणी जसेच्या तसे उपयोगी पडेल का, आणि हाताशी असलेले यंत्र तिला पेलेल का.

कामाच्या ठिकाणी प्रामुख्याने दोन घराणी आढळतात. पहिले डेबियनचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसून स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प आहे. साधारण दोन वर्षांनी त्याची स्थिर आवृत्ती निघते आणि तिला सुमारे पाच वर्षे सुधारणा मिळतात. याच पायावर २००४ पासून उबुंटू उभी आहे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणाऱ्या तिच्या दीर्घकालीन, म्हणजे एलटीएस आवृत्तीला पाच वर्षे सुधारणा मिळतात. एप्रिल २०२४ ची २४.०४ ही अशीच आवृत्ती. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. दुसरे घराणे रेड हॅटचे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला दहा वर्षांचा आधार मिळतो, म्हणून मोठ्या कंपन्या तिला पसंती देतात. तिची सशुल्क सेवा न घेता तशीच प्रणाली हवी असणारे पूर्वी सेंटओएस वापरत. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीचा आधार मूळ वेळापत्रकानुसार २०२९ पर्यंत चालायचा होता, पण डिसेंबर २०२० मध्ये धोरण बदलले आणि तो ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपला. त्या पोकळीतून २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या डिस्ट्रो पुढे आल्या. एखाद्या प्रणालीच्या मागे कोण उभे आहे आणि तिचा आधार कोणत्या तारखेला संपतो, हे निवडीपूर्वी का तपासावे, याचा हा धडा आहे.

तिसरा प्रश्न यंत्राचा. ३२-बिट प्रोसेसर असलेल्या फार जुन्या संगणकावर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ प्रतिष्ठापित करता येत नाही. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला आणि रॉकी लिनक्स १० ला साधारणपणे २०१३ नंतरच्या पिढीचा इंटेल कोअर किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो, आणि त्यानंतरचेही अनेक पेंटियम व सेलेरॉन या कसोटीत बसत नाहीत; जुन्या यंत्रांसाठी अल्मालिनक्स १० ने मात्र स्वतंत्र बांधणी उपलब्ध ठेवली आहे. म्हणून ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणणाऱ्याने किंमत ठरवण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारून घ्यावा, आणि शक्य असेल तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्यावी, कारण जुन्या यंत्राचा वेग वाढवणारा याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सुरक्षा-तपासणीची साधने असलेल्या काली लिनक्सचे विद्यार्थ्यांना मोठे आकर्षण असते. परंतु ती त्या क्षेत्रातील जाणकारांसाठी घडवलेली प्रणाली असून नवशिक्यांनी ती रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असे तिच्या निर्मात्यांचेच म्हणणे आहे. फेडोराला रेड हॅट घराण्यातील नवे बदल सर्वांआधी मिळतात, पण तिच्या प्रत्येक आवृत्तीचा आधार सुमारे तेरा महिन्यांचाच असतो. फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळ्या वंशातील मुक्त प्रणाली अभ्यासनीय आहे. तिच्याकडे दुसऱ्या वर्षी वळावे.

या सर्वांचा निष्कर्ष असा, की वसई-विरारमधील पहिल्यांदाच शिकणाऱ्या विद्यार्थ्याने डिस्कवर उबुंटूची एलटीएस किंवा डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यावी आणि ती किमान एक वर्ष बदलू नये. रेड हॅट घराण्याचा परिचय पुढे त्याच यंत्रातील आभासी संगणकात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, करून घ्यावा. दर महिन्याला नवी डिस्ट्रो बसवणारा प्रतिष्ठापनेत तरबेज होतो, पण सहा महिने चाललेल्या यंत्रात कोणत्या अडचणी उभ्या राहतात हे त्याला कधीच कळत नाही.

ड्युअल बूटच का

यंत्र सुरू होताना डिस्कवरील प्रणाली मेमरीत आणून तिच्या हाती ताबा देण्याच्या क्रियेला बूट म्हणतात. एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवून प्रत्येक वेळी कोणती सुरू करायची हे निवडता येण्याच्या सोयीला ड्युअल बूट म्हणतात. याला पर्याय आहेत. विंडोजच्या आतच व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने आभासी संगणक उभा करता येतो. विंडोजमधील डब्ल्यूएसएल या सोयीने लिनक्सच्या आज्ञा चालवता येतात. परंतु डब्ल्यूएसएलमध्ये बूट, डिस्कची मांडणी आणि यंत्राचे सुटे भाग ओळखणे हे कारभाराचे मूळ धडेच वगळले जातात, आणि आभासी संगणकाला स्वतःची वेगळी मेमरी द्यावी लागते. मध्यमवर्गीय घरातील चार जीबी रॅमच्या यंत्रात विंडोज आणि आभासी संगणक एकत्र चालवले तर दोन्ही अडखळतात. ड्युअल बूटमध्ये मात्र एका वेळी एकच प्रणाली चालते आणि संपूर्ण यंत्र तिच्या सेवेत असते.

विंडोज पूर्णपणे पुसून टाकण्याचा मार्ग सोपा असला तरी घरातील संगणक क्वचितच एकाचा असतो. वालीव-गोखिवरे परिसरातील लहान कारखान्याचे हिशेब सांभाळणाऱ्या वडिलांचे टॅली विंडोजवर चालते आणि धाकट्या भावंडाचे शाळेचे प्रकल्प त्याच यंत्रात साठवलेले असतात. ड्युअल बूटमध्ये ही सर्व माहिती जागच्या जागी ठेवून शेजारी नवी प्रणाली मांडायची असते. आणि दुसऱ्याच्या माहितीला धक्का न लावता यंत्रात बदल करणे, हेच तर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे रोजचे काम आहे. या अर्थाने ड्युअल बूट हा अभ्यासाआधीचा सोपस्कार नसून अभ्यासातील पहिला धडा आहे.

पूर्वतयारी

पहिले काम बॅकअपचे, म्हणजे माहितीची दुसरी प्रत ठेवण्याचे. घरातील प्रत्येकाला विचारून महत्त्वाच्या फायलींची यादी करावी, टॅलीची माहिती त्याच सॉफ्टवेअरमधील बॅकअपच्या सोयीने काढून घ्यावी, सर्व काही बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप मानू नये.

दुसरे काम कुलपाच्या किल्लीचे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज बिटलॉकर या पद्धतीने डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवते आणि बूटच्या मांडणीत बदल झाल्याचे दिसले की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असू शकते. काम सुरू करण्यापूर्वी ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतली माहिती कायमची हातची जाते.

तिसरे काम विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करण्याचे. ती चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद न होता आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून झोपी जाते आणि त्या स्थितीत लिनक्समधून तीच जागा हाताळल्यास माहिती बिघडू शकते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरच्या बटणाने काय घडावे हे ठरवण्याच्या पानावर ही सोय आढळते.

चौथे काम विजेचे. वसई-विरारमध्ये पावसाळ्यात सखल भागांत पाणी साचते आणि वीजपुरवठा खंडित होतो, हे येथील रहिवाशांना सांगावे लागत नाही. डिस्कवरील जागेची फेरमांडणी चालू असताना यंत्र अचानक बंद पडले तर दोन्ही प्रणाली गमावण्याची वेळ येते. म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि चार्जरला जोडून, तर डेस्कटॉप यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घेऊनच हे काम करावे आणि जोराचा पाऊस असेल तर ते पुढे ढकलावे.

यानंतर डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रतिष्ठापना-संच एका फाइलमध्ये बांधलेली प्रतिमा, उतरवून घ्यावी. तिच्यासोबत चेकसम म्हणून ६४ चिन्हांची एक ओळ दिलेली असते, जी फाइलमधील प्रत्येक बिटवरून गणिताने काढलेली असते. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने उतरवलेल्या फाइलची अशीच ओळ काढावी आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल अपुरी उतरली आहे किंवा वाटेत कोणी बदलली आहे असे समजून ती टाकून द्यावी. जुळल्यास रूफससारख्या साधनाने ती किमान आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिहावी. पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व काही यात पुसले जाते.

प्रतिष्ठापना

लिनक्ससाठी जागा मोकळी करण्याचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या साधनाने करावे, कारण आपल्या फायली कुठे मांडल्या आहेत हे विंडोजला सर्वांत नेमके ठाऊक असते. तेथे मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला स्वतंत्र भाग, निवडून तो आकुंचित करण्याचा पर्याय घेतला की शेवटी मोकळी जागा शिल्लक राहते. शिकण्यासाठी साठ ते ऐंशी जीबी पुरेशी होते. डिस्कवर भरपूर जागा रिकामी दिसत असूनही विंडोज थोडीच जागा सोडते, असे अनेकदा होते. मध्येच बसलेल्या आणि हलवता न येणाऱ्या पेज फाइल किंवा हायबरनेशन फाइलमुळे ही अडचण येते व त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून प्रयत्न केल्यास बहुधा सुटते.

नंतर पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे. त्यासाठी सुरुवातीलाच एक विशिष्ट कळ दाबावी लागते. ती कंपनीनुसार एफ-९, एफ-१२, एस्केप अशी वेगवेगळी असते. प्रथम लाइव्ह पद्धतीने, म्हणजे डिस्कवर काहीही न लिहिता प्रणाली चालवून पाहावी : वायफाय जोडले जाते का, ध्वनी येतो का, टचपॅड चालते का आणि मुख्य म्हणजे डिस्क दिसते का. काही लॅपटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या आरएसटी या रचनेत असल्याने लिनक्सला ती दिसतच नाही. अशा वेळी फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये बसलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये, एएचसीआय रचना निवडावी लागते. मात्र विंडोजला त्या बदलासाठी आधी तयार न करता तसे केल्यास विंडोज सुरू होत नाही, म्हणून हा बदल जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये.

आजची बहुतेक यंत्रे यूईएफआय या नव्या फर्मवेअर-पद्धतीने बूट होतात. या पद्धतीत डिस्कवर ईएसपी नावाचे शंभर ते तीनशे एमबीचे एक लहान पार्टिशन असते आणि प्रत्येक प्रणाली आपला बूट लोडर, म्हणजे सुरुवातीला स्वतःला जागे करणारा छोटा प्रोग्रॅम, त्यात स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवते. वाड्याच्या देवडीवर दोन बिऱ्हाडांच्या किल्ल्या वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या असाव्यात, तशी ही रचना आहे. हे पार्टिशन दोन्ही प्रणालींनी वाटून घ्यायचे असते. ते फॉरमॅट केल्यास विंडोजची किल्लीही पुसली जाते. प्रतिष्ठापक सॉफ्टवेअर विंडोजच्या शेजारी मांडणी करण्याचा तयार पर्याय देते आणि घाईत असलेल्याने तो घ्यावा. परंतु शिकणाऱ्याने हाताने पार्टिशन करण्याचा पर्याय निवडून मोकळ्या जागेतील तीस जीबी मूळ प्रणालीसाठी, वीस-पंचवीस जीबी स्वतःच्या फायलींसाठी ईएक्सटी-४ या पद्धतीने मांडावी आणि दहा-पंधरा जीबी मुद्दाम मोकळीच सोडावी. ही मोकळी जागा पुढे पार्टिशन करणे, मोडणे, अनेक भाग जोडून एक करणारी एलव्हीएम रचना उभारणे अशा सरावासाठी कामी येते आणि घरातील कोणाच्याही माहितीला हात न लावता चुका करण्याची मुभा देते. अंतिम बटण दाबण्यापूर्वी पडद्यावरील बदलांची यादी ओळीने वाचावी. तिच्यात विंडोजच्या पार्टिशनचा उल्लेख दिसला तर मागे फिरावे.

सिक्युअर बूट ही फक्त स्वाक्षरी केलेल्या बूट लोडरला चालू देणारी सुरक्षा-सोय बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण उबुंटू, डेबियन, फेडोरा आणि रॉकी या सर्वांकडे आवश्यक ती स्वाक्षरी असल्याने ती चालूच ठेवावी. प्रतिष्ठापनेची भाषा म्हणून मराठी निवडता येत असली तरी पहिल्या वर्षी इंग्रजी ठेवावी, कारण अडचणीचा संदेश जसाच्या तसा शोधला तर उत्तर लवकर सापडते. मराठी टंकलेखनासाठी कळपाट मात्र पहिल्याच दिवशी जोडून घ्यावा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

नव्या मांडणीनंतर विंडोजमधील घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते आणि घरात पहिली तक्रार याचीच येते. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असे मानते, तर लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ लिहिते, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे नेमकी साडेपाच तास असल्याने हा फरक पडतो. लिनक्समधील टाइमडेटसीटीएल या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सूचना दिली की प्रश्न मिटतो. दोन प्रणाली एकाच वस्तूचा वेगवेगळा अर्थ लावतात तेव्हा बिघाड न होताही चूक कशी दिसते, हे या लहानशा अडचणीतून कळते.

बूटच्या वेळी दोन्ही प्रणालींची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ग्रब म्हणतात. २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून ग्रब सुरक्षेच्या कारणास्तव इतर प्रणालींचा शोध आपणहून घेत नाही. यादीत विंडोज दिसली नाही तर घाबरून न जाता ग्रबच्या मांडणीच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर हा शोधक चालू करावा आणि यादी पुन्हा तयार करून घ्यावी. उलटपक्षी विंडोजच्या मोठ्या सुधारणेनंतर यंत्र थेट विंडोजमध्येच उघडू लागते, कारण फर्मवेअरमधील क्रम बदललेला असतो. फर्मवेअरमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणली की ग्रब परत दिसते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुधारणेने तर जुन्या बूट लोडरवर बंदी घालणारी यादी चुकून ड्युअल बूटच्या यंत्रांवरही लागू केली आणि अनेकांचे लिनक्स सुरक्षा-धोरणाच्या उल्लंघनाचा संदेश देऊन अडले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरणे, बूट लोडर अद्ययावत करून ती यादी काढून टाकणे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे, हा त्यावरचा उपाय होता. ज्यांनी प्रतिष्ठापनेचा पेन ड्राइव्ह जपून ठेवला होता आणि रिकव्हरी की लिहून ठेवली होती, त्यांच्यासाठी ही अर्ध्या तासाची गैरसोय होती.

लिनक्स काढायचीच वेळ आली तर तिची पार्टिशने विंडोजमधून पुसून ती जागा विंडोजला जोडता येते. मात्र त्याआधी फर्मवेअरमधील क्रमात विंडोज पहिली करून ठेवावी, नाही तर यंत्र नसलेल्या ग्रबच्या शोधात थांबून राहते.

वर्षभराचा अभ्यास

प्रतिष्ठापनेनंतर खरा अभ्यास सुरू होतो. पहिले तीन महिने फाइल-रचना, वापरकर्ते व त्यांचे अधिकार, आणि सुडो या आज्ञेने मोजक्या कामांपुरताच सर्वाधिकार घेण्याची शिस्त यांना द्यावेत. पुढचे तीन महिने सॉफ्टवेअर बसवणारे व अद्ययावत करणारे एपीटी, सेवा सुरू-बंद करणारे सिस्टीमडी आणि नोंदी वाचणारे जर्नलसीटीएल यांवर घालवावेत. त्यानंतर दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची एसएसएच पद्धत, फायरवॉल, ठरल्या वेळी काम करणारे क्रॉन आणि बदललेल्या फायलींचीच प्रत घेणारे आरसिंक शिकावे. शेवटच्या टप्प्यात, यंत्रात किमान आठ जीबी रॅम असेल तर, रॉकी किंवा अल्मालिनक्सचे दोन आभासी संगणक उभारून त्यांच्यात नेटवर्क जोडावे आणि रेड हॅट घराण्यातील सॉफ्टवेअर बसवणारे डीएनएफ व अधिकारांवर कडक नियंत्रण ठेवणारे एसईलिनक्स यांचा परिचय करून घ्यावा. रेड हॅटच्या आरएचसीएसए या प्रमाणपत्र-परीक्षेत लेखी प्रश्नांऐवजी चालत्या यंत्रावर प्रत्यक्ष कामे करून दाखवावी लागतात, त्यामुळे हा सराव तेथे थेट कामी येतो. तिच्या तयारीसाठी रेड हॅटची प्रणाली वैयक्तिक वापराकरिता नोंदणी करून सोळा यंत्रांपर्यंत विनाशुल्क घेता येते. मराठीतून सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात.

या वर्षभरात एक दोनशे पानी वही यंत्राशेजारी असावी. केलेला प्रत्येक बदल, त्याची तारीख, बदलण्यापूर्वीची स्थिती आणि परत फिरण्याचा मार्ग तिच्यात लिहावा. एखाद्या फाइलमध्ये बदल करण्यापूर्वी तिची प्रत घेणे, एका वेळी एकच बदल करणे आणि त्याचा परिणाम तपासल्याशिवाय दुसऱ्या बदलाला हात न घालणे, ही शिस्त कोणत्याही आज्ञेपेक्षा जास्त टिकते. विंडोजच्या पार्टिशनवर मात्र लिनक्समधून काहीही लिहू नये; ते घरातील इतरांचे दालन आहे असे समजून त्याच्या उंबऱ्यावरच थांबावे.

सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवर संस्था आपली माहिती सोपवते ती त्याला आज्ञा पाठ आहेत म्हणून नाही, तर त्याच्या हातून ती माहिती गहाळ होणार नाही या विश्वासावर. तो विश्वास कमावण्याची पहिली जागा घरातील संगणक आहे. म्हणून वसई-विरारमधील ज्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र खुणावते, त्याने कोणती डिस्ट्रो सर्वश्रेष्ठ याच्या वादात न पडता या आठवड्यात घरातील सर्वांच्या फायलींचा बॅकअप घ्यावा, तो उघडून तपासावा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याची तारीख लिहावी.